शिकारी कोटाची काजं

माय,

साडीच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. इथे सुरतेच्या बमरोलीत आमच्याकडे कागद विकत आणावा लागत नाही. सून दिवसभर साड्यांवर खडे चिकटवते, मी सुटलेले धागे कापून घड्या घालते, आणि पुठ्ठे घरभर पडलेले असतात. माझी शाळा दुसरीतच सुटली, तूच सोडवलीस, तेव्हा अक्षरं वेडीवाकडी आली तर तुझीच चूक. नात मघाशी वाकून बघून गेली. तिची भाषा म्हणजे जिभेवर येईल ती. "आजी, किसको लिख रही है?" मी म्हटलं, माझ्या मायला. तर म्हणते, "पण तुझी माय तो ऑफ थई गई ना?" मी म्हटलं, म्हणून तर लिहायला जमतंय गं, जिवंत माणसं मधेच बोलतात. पेटीत टाकायचं नाहीच आहे कुठे, म्हणून मग सगळंच लिहिते.

बातमी आधी सांगते, नाहीतर मी बोलत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. माय, तू खरी होतीस. आबांना वाघानं खाल्लं नव्हतं. त्यानंतर ते जिवंत होते, आणि इथेच, सुरतेत होते. त्यांच्या हातचं शिवण बघून सांगते. मला इतका आनंद झालाय की पंधरा दिवस झाले, चहात साखर दोनदा पडते आहे, आणि सून बिचारी गपचूप पिते आहे.

आपलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मशीन तिथेच होतं, कारण उजेड तिथल्याच खिडकीतून यायचा. आबा मशीनवर, तू चुलीपाशी, आणि दोघांच्या मध्ये साहेबलोकांचं ते जाड कापड पसरलेलं. इथले लोक त्याला कॅनव्हास म्हणतात, तू किंतान म्हणायचीस. थंडी पडली की साहेब लोक सातपुड्याच्या पायथ्याशी तंबू ठोकायचे, आणि त्यांचे फाटके तंबू, शिकारीचे कोट आबांकडे यायचे, कारण किंतानातून सरळ शिवण काढणारा दुसरा शिंपी आसपास नव्हता. छातीवर काडतुसांची घरं, उजव्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता टेकायला जाड ठिगळ, आणि पाठीला पोटासारखा मोठा खिसा, मारलेलं पाखरू टाकायला. त्या खिशाचं अस्तर रक्तानं भरायचं, म्हणून ते सोडवून धुता यावं लागे. दुसरे शिंपी तिथे बटणं लावत. आबा बंद लावायचे. आधी ते तान्ह्या बाळांच्या कुंच्याच शिवायचे ना, तीच सवय. बंदाचं टोक दुमडून पोपटाच्या चोचीसारखं करायचे, म्हणजे धागा सुटत नाही आणि बाळाला टोचतही नाही. तीच चोच साहेबाच्या कोटात. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "साहेबाची बदकं काय दुपट्यात निजणार आहेत?" आणि आबा मान वर न करता म्हणायचे, "निजली तर निजली, टोचायला नको."

काजं मात्र तुझी. आबा कापणार, शिवणार, आणि कोट तुझ्या मांडीवर फेकून म्हणणार, "घे, हे बायकी काम." तू म्हणायचीस, "तुम्हाला जमत नाही ते सगळं बायकी." आणि खरंच जमत नव्हतं. तू तापानं पडली होतीस तेव्हा पाटलाच्या कोटाची काजं त्यांनी स्वतः केली. कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी. पाटील पारावर येऊन बसले, खोकले, आणि बटणं एकामागून एक बाहेर आली. हे ऐकून तू तापातसुद्धा इतकी हसलीस की आबा रुसून जेवलेच नाहीत. मी लहान होते, पण ते हसू मला पाठ आहे. तसं तू पुढे कधी हसली नाहीस.

पुढची थंडी आली. साहेबाच्या तंबूंबरोबर आबा जंगलात गेले, तंबू सांधायला. हाक्याच्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून डबे बडवून जनावर उठवायला त्यांनाही घेतलं. सांजेला सगळे हाकेवाले बाहेर आले, आबा आले नाहीत. अंगात त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून स्वतःसाठी शिवलेला कोट होता. लोकांनी शोधलं, मग साहेबाकडून निरोप आला की वाघानं नेलं. आपल्या दारात माणसं उभी आहेत, बायका रडायला तयार होऊन आल्या आहेत, आणि तू पदर खोचून एकच विचारते आहेस, "कोट सापडला?" नाही. "चिंधी? बाही?" नाही. "मग ते मेले नाहीत. वाघ किंतान खात नाही." आणि तू दार लावून घेतलंस.

तेव्हापासून तुला विहिरीवर बायका 'वाघाची बायको' म्हणायला लागल्या. मीही एकदा तुला म्हटलं, की सगळे म्हणतात आबांना वाघानं खाल्लं. तू मारलं नाहीस. पेटीतून किंतानाचा एक तुकडा काढलास आणि माझ्या तोंडासमोर धरलास. "चाव." मी चावले. "जोरात चाव." दात दुखले, तोंडात मेणाची आणि धुळीची चव आली, जीभ खरखरीत झाली. कापडावर नुसती दातांची ओल उठली. "जमनं का तुले? मग वाघले कसं जमी?" माय, वाघाचे दात केवढे आणि माझे केवढे, हे आता कळतं. तेव्हा मात्र मला वाटलं की याच्यापुढे कोणाला काही बोलताच येणार नाही.

तू कुंकू लावत राहिलीस. हळदीकुंकवाला कोणी बोलवेना, तर फुटक्या आरशाच्या तुकड्यात बघून स्वतःच लावायचीस, चांगलं ठसठशीत, मुद्दाम मोठं. मोठ्या काकूनं एकदा चारचौघींत ते पुसायला हात पुढे केला तेव्हा तू गरजलीस, "मना कुंकूले हात लावू नका!" तिनं ते ध्यानात ठेवलं असणार. तू गेलीस तेव्हा मी सुरतेहून धाकट्याला कडेवर घेऊन निघाले, गाडी बदलत बदलत पोचले, तोवर तुझं कपाळ पुसून झालं होतं. ओल्या फडक्यानं, काकूनंच. कातडीवर नुसता तांबूस डाग राहिला होता. तू खोटी ठरून गेलीस, एवढंच माझ्या मनात इतकी वर्षं राहिलं होतं. रडू तर सगळ्यांनाच येतं. पण तू खोटी ठरलीस याचं मला जास्त लागलं.

आता इथलं सांगते. नानपुऱ्यात एक पारशीण बाई आहेत, एकट्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या घरी मी अधूनमधून जाते, चादरी, पडदे, गाद्यांच्या खोळी, जे फाटलं असेल त्याला रफू करते. प्लेगच्या साली अख्खी सुरत पळाली, आम्हीपण पळालो, त्या मात्र हलल्या नाहीत. दार लावून कुत्र्याबरोबर बसून राहिल्या. त्यानंतर जो तो आपलं घर साफ करायला लागला, माळे रिकामे झाले, आणि त्यांच्या माळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली आली. त्यात त्यांच्या मामाचे शिकारीचे कपडे. मामा तापीकाठच्या तळ्यांवर बदकं मारायचे म्हणे. बाईंचा स्वतःचा भाचा परदेशात असतो, त्याच्या ओळखीत कोणी असले जुने कपडे जमवतो. माय, लोक काय काय जमवतात! त्याला कळायला हवं होतं की कोट किती जुना, इंग्रजांच्या अमलातला की मागाहूनचा. बाईंना डोळ्यांनी दिसत नाही. तर फोनवर तिकडून भाचा, कानाला फोन लावून बाई, आणि खाली फरशीवर कोट पसरून मी.

"अंदर लेबल छे के नथी, पूछे छे," बाई ओरडतात, जशी मीच परदेशात आहे. मी म्हटलं, नाही. "चेन छे? के एकलां बटण?" मला तेव्हा चेन दिसलीच नव्हती, मी समोरची बटणं बघून म्हटलं, बटणंच. भाचा खूश झाला असावा, कारण बाई हसल्या. मग तो म्हणाला की धागा जाळून बघा, वितळून गोळी झाली तर अलीकडचा, राख झाली तर जुना. मी म्हटलं, बाई, त्याला सांगा, सुरतेत राहणाऱ्या बाईला हे शिकवू नको, इथे पोरं पाळण्यातच पॉलिस्टर ओळखतात. बाईंनी हे सांगितलं की नाही देव जाणे. पण त्या पोराला बरंच माहीत होतं. म्हणाला, चेन कुठे असेल तर तिच्या बाजूला सुईची जुनी भोकं दिसतात का बघा, म्हणजे कळतं की चेन मागाहून बसवली की कोटाबरोबरचीच आहे. किंतानाला एकदा पडलेलं भोक मिटत नाही ना. आणि काही धुवू नका, शिवू नका, आहे तसं राहू द्या. बाई म्हणाल्या, "घेर लई जा, बेन, निरांते जो." सावकाश बघ म्हणून मी कोट घरी आणला.

घरी आणला आणि खिळ्याला टांगला, तिथून सगळं सुरू झालं. तो कोट रिकामा वाटेना. इतकी वर्षं ट्रंकेत चेपून असूनही त्याचे खांदे ताठ, आणि बाह्या कोपरात वाकलेल्या, मशीनवर बसलेल्या माणसाच्या असतात तशा. नात घरात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. "आजी, उसमें कोई है. सच्ची." सून म्हणाली, "आत्याबाई, मेलेल्या माणसाचा कोट, दिवाबत्तीच्या वेळी डोळ्यांसमोर कशाला? आत ठेवा." मी म्हटलं, मेलेल्या माणसांना घाबरायला लागलो तर आपण सगळे गावालासुद्धा जाऊ शकणार नाही. पण खरं सांगते, मीही त्याच्याकडे पाठ करून जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वीज बंदचा वार होता. त्या वारी सगळे लूम थांबतात, आणि इथे लूम थांबले की कानात काही तरी ओतल्यासारखं शांत होतं. त्या शांततेत मी कोट मांडीवर घेतला. पाठीचा खिसा उघडला, अस्तर आहे का बघायला आत हात घातला, आणि बोटांना बंद लागला. माय, मी बघितलं नाही आधी. डोळे मिटले आणि बोटांनीच टोकापर्यंत गेले. चोच होती. दुमडलेली, गुळगुळीत, पोपटाची. दुसऱ्या बंदाला, तिसऱ्याला, सगळ्यांना. मला एकदम आपल्या चुलीच्या धुराचा वास आला. खोटं नाही, आमच्याकडे गॅस आहे, शेजारीही गॅस आहे, आणि मला नाकात काटक्यांचा धूर आला, आणि असं वाटलं की मान वळवली तर कोणी तरी म्हणेल, टोचायला नको.

पहिल्यांदा मी साधाच विचार केला, की हा आपल्याच घरातला कोट. साहेबानं विकला असेल, फिरत फिरत सुरतेच्या पारशाकडे आला असेल. तेवढ्यानंही मी खूश होते. मग मी खिसा उलटा केला आणि वरच्या कडेला चेन दिसली. धातूची, जाड दात्यांची, हिरवट गंज चढलेली. आपल्या घरात चेन कधी होती, माय? मी आयुष्यात पहिली चेन बघितली ती कंपाउंडरच्या बॅगेला, तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं, आणि मी ती इतक्या वेळा उघडझाक केली की तो म्हणाला, वहिनी, औषध घ्या आणि जा. म्हणजे चेन मागाहून बसवलेली असणार. मी कड उन्हात धरली, भोकं शोधली. जुनी भोकं नव्हती. एकही नाही. कापड चेनीबरोबरच शिवलेलं होतं. चेनीच्या शिवणीतला धागा ओढला, बंदाच्या मुळातला ओढला, दोन्ही जाळले. दोन्हींची राख, दोन्हींना जळक्या कागदाचा वास. एकच रीळ, एकच हात, एकच बैठक. म्हणजे हा कोट जन्मला तेव्हाच त्याला चेन होती, आणि तो आबा जंगलात गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला.

मी तशीच बसून राहिले. इतका वेळ बसले की मांडीला मुंग्या आल्या. कोट माझ्या मांडीवर जड झाला, निजलेलं मूल जड होतं तसा. कोण होता तो माणूस, कुठल्या गल्लीत बसून त्यानं ह्या चोची दुमडल्या? मी तर इथे लग्नानंतर आले. मी भाजीला जाताना तो म्हातारा समोरून गेला असेल का? एखाद्या दुकानाच्या पायरीवर चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या शिंप्याला मी कधी रस्ता विचारला असेल का? अशा वेळी माणसं आठवायला लागली की सगळीच आबांसारखी दिसतात.

आणि मग मला काजांची आठवण झाली. आता मात्र भीती वाटली. वाघाची नव्हे. समोरच्या पट्टीवर बटणं लावलेली होती, काजं त्यांच्या खाली झाकलेली. ती सुबक असली तर? तर त्यांच्यापाशी कोणी तरी होतं, ज्याच्या मांडीवर ते कोट फेकत होते. मी उठून पाणी प्यायले. परत बसले. खालून सुरुवात केली, पहिलं बटण काढलं.

माय, कोंबडीनं उकरल्यासारखं! एक टाका लांब, एक आखूड, कोपऱ्यावर धाग्याचा गोळा, चीर वाकडी. दुसरं त्याहून वाईट. मी हसायला लागले ते थांबेचना. सून हातात खड्यांची वाटी घेऊन धावत आली, तिला वाटलं म्हातारीला काही तरी लागलं. मी तिला काजं दाखवली, सगळं सांगितलं, तुझं, वाघाचं, पाटलाचं. "कोणी नव्हतं गं त्यांच्याजवळ," मी म्हटलं, "काजं करायलासुद्धा कोणी नव्हतं!" तीपण हसली. मग खडे चिकटवता चिकटवता सहज म्हणाली, "पण आत्याबाई, जिवंत होते तर घरी का नाही आले?"

तिची चूक नाही. कोणीही हेच विचारेल. मी धागे कापत राहिले. घाबरून पळाले असतील, जंगलात कोणाला काही करताना बघितलं असेल, साहेबाशी भांडण झालं असेल, नाहीतर नुसतंच चालायला लागले असतील आणि थांबायचं राहिलं असेल. मला माहीत नाही. क्षणभर असंही वाटलं की वाघच बरा होता. पण तू काय म्हणाली असतीस ते मला पक्कं ठाऊक आहे. तू म्हणाली असतीस, ते मागाहून बघू, आधी जिवंत आहेत ना?

बाईंना मी सांगितलं की कोट इंग्रजांच्या अमलातला वाटत नाही, दुसऱ्या मोठ्या लढाईनंतरचा आहे, चेन त्याच्याबरोबरचीच आहे. भाच्याचा आवाज जरा उतरला, पण म्हणाला, चालेल, खरं कळलं ते बरं. शिवणारा कोण, हे बाईंना विचारून बघितलं. "मने शुं खबर, बेन, मामा तो बधे शिवडावता," म्हणे. मामा सगळीकडेच शिवून घ्यायचा. मग त्या काजांवरून बोट फिरवून म्हणाल्या, ही जरा नीट करून दे, परदेशी जायचंय. मी म्हटलं, नाही बाई, तुमचाच भाचा म्हणालाय आहे तसं ठेवा. इतक्या ठामपणे मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. कोट गेल्या आठवड्यात गेला. खिळा अजून भिंतीत आहे, आणि नात अजून त्याच्या बाजूनं चालत नाही.

काकूच्या लेकीला मी निरोप धाडला आहे. गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर, तोंडी, चारचौघांसमोर सांगायला सांगितलं, की वाघाच्या बायकोचा नवरा सुरतेत होता, चांगला जिवंत होता, एकटा राहून कोट शिवत होता, पुरावा लेकीनं डोळ्यांनी बघितला. मुलालाही हेच सांगितलं, व्याह्यांनाही. सगळ्यांना मी तीच खालची काजं सांगते, हातानं करून दाखवते, लोक हसतात.

फक्त तुला सांगते. गळ्याजवळचं, सगळ्यात वरचं काज तसं नव्हतं. बारीक, एकसारखं, कडेला दाबून बसवलेलं, तुझ्या हातचं नसून तुझ्याइतकं चांगलं होतं. ते मागाहून कोणी दुरुस्त केलेलं की त्याच दिवशीचं, हे मला शोधता आलं असतं. मी त्याच्यावर बटण लावलं आणि कोट घडी करून बाईंना दिला.